घरातली मैफल : मुलांसोबत पाहण्यासाठी रेकॉर्डिंग कसं निवडावं?



पालकसभेत एका आईने मला विचारलं होतं, "बाई, मुलांना चांगलं गाणं ऐकवा असं तुम्ही सांगता, पण आम्ही त्यांना न्यायचं कुठे?" प्रश्न अगदी रास्त होता. आपली विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण आणि उल्हासनगरच्या मधलं स्टेशन. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. अंतर फार नाही. पण आई-बाबा गाडीतून उतरणार रात्री आठ-नऊला, धाकटं भावंडं झोपेला आलेलं, घरातल्या चौघांची तिकिटं काढायची आणि कार्यक्रम संपेपर्यंत मुलाने खुर्चीत गप्प बसायचं! बहुतेक घरांना हे जमत नाही. मग उरतो टीव्ही किंवा मोबाईल. तिथे मैफलींची रेकॉर्डिंग भरपूर आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. त्यातलं काय लावायचं, हीच खरी अडचण आहे.

या विषयावर लिहायचं कारण म्हणजे माझी स्वतःची चूक. आधी तीच सांगते.

माझं काय चुकलं?

चौथीच्या वर्गात कलेच्या तासाला शास्त्रीय संगीताची ओळख करून द्यायची होती. मुलं कंटाळू नयेत म्हणून मी सात-आठ मिनिटांची एक चित्रफीत निवडली. मोठमोठ्या गायकांच्या फक्त वेगवान ताना कापून एकापुढे एक जोडल्या होत्या. पाहणाऱ्यांचा आकडाही लाखांत होता. मला वाटलं, मुलं थक्क होतील.

मुलं हसली. डोळे मिटलेले, हात वर गेलेला, मान हलतेय, तोंडातून भराभर 'आ आ आ'. त्यांना एवढंच दिसलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात सगळे तस्सेच हातवारे करत होते. इथवर ठीक होतं, मुलं नकला करणारच. पण वर्गात एक मुलगी आहे. तिचे आजोबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. कुणीतरी तिला म्हणालं, "तुझे आजोबा पण असंच करतात ना?" सगळे पुन्हा हसले. रोज परिपाठाला प्रार्थना सांगायला पहिल्यांदा पुढे येणारी ही मुलगी दुसऱ्या दिवसापासून पुढे यायची थांबली.

मी मुलांना रागावले नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. तान कुठून सुरू झाली, तबलजी कोणता ताल देत होता, गायक कुठे पोहोचायला धावत होता, यातलं काहीच मी दाखवलं नव्हतं. नुसतीच धाव दाखवली. त्यानंतर मी स्वतःसाठी एक साधा नियम केला : ज्या रेकॉर्डिंगमध्ये गाणं 'घडताना' दिसतं, तेच मुलांसाठी निवडायचं. आता हा नियम वापरायचा कसा, ते क्रमाने पाहू.

निवडताना पाहायच्या पाच गोष्टी

१) सुरुवात आहे का?
तंबोरे लागतात, तबलजी हातोडीने तबला सुरात आणतो, गायक पहिला षड्ज लावतो. हा भाग बरेच जण पुढे ढकलतात, पण मुलांसाठी तोच महत्त्वाचा. तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाच्या षड्जाची. हे सांगून पहिली दोन मिनिटं नुसता तंबोराच ऐकायला लावा. पुढचं सगळं गाणं या 'सा'वर उभं राहणार आहे, हे मुलांच्या कानाला आपोआप कळतं.

या बाबतीतला एक खरा किस्सा मुलांना फार आवडतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. सुरुवातीला पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ बसले. त्यांनी वाद्यं सुरात लावली आणि हजारो श्रोत्यांनी जोरदार टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, वादन झालं. रविशंकरांनी हसून त्यांचे आभार मानले आणि जुळवाजुळव एवढी आवडली तर वादनही आवडेल, अशी आशा बोलून दाखवली. या कार्यक्रमाचा चित्रपट निघाला, त्यात हा प्रसंग आहे. तो दाखवा आणि मुलांना विचारा, "तुम्ही तिथे असता तर कधी टाळ्या वाजवल्या असत्या?"

२) हात आणि डोळे दिसतात का?
कॅमेरा सतत गायकाच्या चेहऱ्यावर असेल, किंवा सारखा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांकडे वळत असेल, तर ते रेकॉर्डिंग बाजूला ठेवा. तबलजीची बोटं, पेटीवाल्याचं लक्ष, समेवर येताना गायक आणि तबलजी एकमेकांकडे बघतात तो क्षण, हे सगळं दिसायला हवं. प्रेक्षागृहात मागच्या रांगेत बसलेल्या मुलाला हे दिसत नाही. घरी ते हाताच्या अंतरावर दिसतं. पडद्याचा खरा फायदा काय असेल, तर तो हाच.

३) आवाज कसा आहे?
प्रेक्षकांतून मोबाईलवर केलेल्या चित्रीकरणात बहुधा तंबोरा ऐकूच येत नाही आणि मोठ्या आवाजाला खरखर येते. पण चांगलं रेकॉर्डिंगही मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर अर्धंच पोहोचतं, कारण डग्ग्याचा घुमारा त्याला झेपत नाही. टीव्हीला जोडा, साधा ब्लूटूथ स्पीकर लावा किंवा निदान हेडफोनवर आळीपाळीने ऐका. एकदा आधी मोबाईलवर आणि मग स्पीकरवर तेच दोन मिनिटं ऐकवा. "बाई, आता खालून धूम येतंय!" असं माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता.

४) श्रोते आहेत का?
स्टुडिओतलं रेकॉर्डिंग स्वच्छ असतं, पण समोर माणसं नसतात. मैफलीत दाद येते, गायक त्या दादेला उत्तर देतो, एखादी जागा पुन्हा घेतो. लोक कुठे 'वा!' म्हणतात हे मुलांना टिपायला सांगा. नेमकी तीच जागा मागे नेऊन परत ऐका.

५) माहिती पूर्ण आहे का?
खाली राग, ताल, ठिकाण, वर्ष आणि साथीदारांची नावं दिलेली असतील, तर रेकॉर्डिंग जपून ठेवणाऱ्याने टाकलंय असं समजायला हरकत नाही. नुसतंच 'अप्रतिम, चुकवू नका' असं लिहिलं असेल, तर मुलांना दाखवण्याआधी स्वतः पूर्ण पाहा. कधी फक्त फोटो असतो आणि मागे ध्वनिफीत चालू असते. पाहणाऱ्यांच्या आकड्यावरून निवड करू नका. मी केली होती, तिचा परिणाम वर वाचलातच.

शोधायचं कुठे?

*दूरदर्शनचा खजिना.* मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासूनच्या अनेक कलाकारांची रेकॉर्डिंग प्रसार भारतीच्या संग्रहातून यूट्यूबवर येत असतात. आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं, म्हणून त्याआधीचं चित्र काळं-पांढरं. मुलं विचारतात, "बाई, टीव्ही बिघडलाय का?" तेव्हा हा छोटा इतिहास सांगून टाका.

*सवाई गंधर्व महोत्सव.* पंडित भीमसेन जोशी यांनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. पूर्वी मैफली रात्रभर चालत. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे त्या लवकर आवरतात.

*परदेशातल्या मैफली.* इंग्लंडमध्ये २००६ पासून दरबार महोत्सव होतो. तिथल्या आपल्या कलाकारांच्या मैफली अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेल्या असतात, त्यामुळे हात फार छान दिसतात.

वेळेचं भान

घरातल्या मैफलीची आणखी एक सोय आहे. सभागृहात कार्यक्रम बहुधा संध्याकाळीच असतो, त्यामुळे सकाळचे राग कानावर पडत नाहीत. घरी रविवारी सकाळी भैरव किंवा तोडी लावा, दुपारी भीमपलास, दिवेलागणीला यमन, रात्री बागेश्री किंवा मालकंस. यमनच्या जवळचा 'यमन कल्याण' असाही एक राग आहे, असं सांगितलं की आमची मुलं खूश होतात. "म्हणजे आपलं कल्याण, बाई?" नाव सारखं आहे एवढंच, पण तेवढ्यानेही राग लक्षात राहतो.

कुठून सुरू करावं?

लहान मुलांना एकदम तासाभराचा ख्याल देऊ नका. मी पुढचा क्रम करून पाहिला आहे.

*पहिला आठवडा : टाळ्यांची मैफल (साधारण तीन-चार मिनिटं).* ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात दरवर्षी १ जानेवारीला वाद्यवृंदाची मैफल होते. शेवटी 'राडेट्झ्की मार्च' वाजतो तेव्हा श्रोते तालात टाळ्या देतात आणि संचालक वादकांकडे पाठ करून श्रोत्यांनाच हळू-जोरात करायला लावतो. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ अशी पाच वेळा ही मैफल संचालित केली. मुलांनाही टाळ्या देऊ द्या. ऐकणाऱ्यालाही काम असतं, हे त्यांना इथे कळतं.

*दुसरा आठवडा : एकल तबला (दहा मिनिटं).* उस्ताद झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांचं तीनतालातलं वादन निवडा. सोबत पेटी किंवा सारंगीवर एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजते, तिला लेहरा किंवा नगमा म्हणतात. ती १६ मात्रांत फिरून पहिल्या मात्रेवर येते.

*कृती :* मुलांनी १ ते १६ मोजायचं. १, ५ आणि १३ ला टाळी, ९ ला हात बाजूला, म्हणजे खाली. पुन्हा १ आली की ती 'सम'. वादक कितीही दूर जाऊन आला तरी समेवर सगळे एकत्र येतात. मुलांना हा लपंडावासारखा खेळ वाटतो. १६ चे चार समान भाग शिकवायला गणिताच्या तासालाही उपयोग होतो.

*तिसरा आठवडा : अभंग (दहा-बारा मिनिटं).* शब्द ओळखीचे असले की सूर परके वाटत नाहीत. भीमसेनजींच्या 'संतवाणी'तला एक अभंग पूर्ण लावा.

*चौथा आठवडा : बंदिश.* आता मध्य किंवा द्रुत लयीतली एक बंदिश, पंधरा मिनिटांपर्यंत. विलंबित ख्यालाची घाई नको. तो पुढच्या वर्षी आला तरी चालेल.

पालकांसाठी थोडक्यात

• रेकॉर्डिंग आधी स्वतः पाहा. मध्ये येणाऱ्या जाहिराती आणि आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ यांचा बंदोबस्त करून ठेवा.
• एका वेळी एकच कलाकार, एकच रचना.
• ऐकताना समजावून सांगत बसू नका. बोलायचं ते आधी किंवा नंतर.
• मूल उठून गेलं तर जाऊ द्या, पण तुम्ही बसून राहा. आई-बाबा मोबाईल बाजूला ठेवून काहीतरी ऐकतायत, हे त्याला दिसू द्या.
• "कळलं का?" असं विचारू नका. "तुला काय दिसलं?" असं विचारा.
• आणि वर्षातून एकदा तरी जवळचा प्रत्यक्ष कार्यक्रम दाखवाच. गणेशोत्सवातलं भजन असलं तरी चालेल.

शेवटी, त्या मुलीविषयी

तिसऱ्या आठवड्यात वर्गात 'संतवाणी' लावली. भीमसेनजी तसेच गात होते, डोळे मिटून, हात उंचावून. पण आता मुलं सम शोधत होती, त्यामुळे हात कधी वर जातो आणि कधी खाली येतो हे त्यांना समजत होतं. फारसं कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, "बाई, ते आडवं वाद्य कोणतं?" मी उत्तर देणार एवढ्यात मागून आवाज आला, "पखवाज. त्याच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावतात. नाहीतर तसा आवाज येत नाही."

कणीक म्हटल्यावर सगळा वर्ग तिच्याकडे वळला. किती लावतात? रोज नवी लावतात? नंतर काढतात कशी? तिने सगळी उत्तरं दिली. कणकेविषयी मला तिच्याएवढं माहीत नव्हतं, तेही मी वर्गाला सांगून टाकलं.

ती दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेला पुढे आली असं नाही. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, त्यानंतर एका सोमवारी ती आपणहून पुढे आली आणि प्रार्थना सांगितली. सांगताना तिने डोळे मिटले होते.

तुम्ही घरी किंवा वर्गात कोणती मैफल दाखवली, मुलांनी काय विचारलं, ते नक्की कळवा. पुढच्या लेखात मुलांसाठी सोप्या तालांचे खेळ पाहू.