पाणथळीकाठी एक रात्र : नांदूरमधमेश्वर येथील विद्यार्थी-मुक्काम

शालेय सहल म्हटली म्हणजे किल्ला, देवस्थान अथवा एखादे मोठे धरण हीच स्थळे बहुधा डोळ्यांसमोर येतात. दलदल ही मुद्दाम जाऊन पाहण्याची वस्तू आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि भूगोल, सृष्टिविज्ञान आणि आरोग्य हे तिन्ही विषय एकाच ठिकाणी हाताने चाचपून पाहावयाचे असतील, तर पाणथळ जागेइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. मात्र तेथे रात्र काढावयाची म्हणजे काही गोष्टींचे पक्के ज्ञान शिक्षकास हवे.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूरमधमेश्वर हे याचे उत्तम उदाहरण होय. गोदावरी व कादवा यांच्या संगमानजीक विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बंधारा घालण्यात आला. पाणी अडले, वेग मंदावला आणि नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षे तळाशी साचत गेला. त्यातून उथळ डबकी, लहान बेटे आणि पाणकणसाची दाट बने तयार झाली. पाणी साठविण्याच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने गुण ठरला. १९८६ साली येथे अभयारण्य घोषित झाले, आणि रामसर कराराच्या यादीत समाविष्ट झालेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा होय. हा करार इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला. म्हणून तो दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळतात. मुक्कामासाठी त्याच सुमाराचे दिवस सोयीचे, कारण हिवाळी पाहुणे पक्षी तेव्हा येथेच असतात.

अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून राहता येत नाही. खाते नेमून देईल तीच मुक्कामाची जागा समजावी. अशा साध्या तळावर नळ, वीज वा पक्के संडास असतीलच असे धरून चालू नये. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि फक्त वरच्या वर्गांतील मुले न्यावीत. तंबू कसा उभारावा हे बालवीर पथकातील मुले शिक्षकांपेक्षा लवकर शिकतात, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. निफाडची थंडी मात्र प्रसिद्धच आहे. ओल खालून चढते, म्हणून अंगावर दोन पांघरुणे घेण्यापेक्षा एक अंगावर व एक अंगाखाली घेतलेले अधिक ऊब देते.

आता मुख्य मुद्दा. येथील पाणी पावसावाचूनही वाढते. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून सोडलेले पाणी या बंधाऱ्याशी येऊन थांबते आणि तेथून कालव्यांत वळविले जाते. त्यामुळे आकाश निरभ्र असताना संध्याकाळी कोरडा दिसणारा काठ पहाटे पाण्याखाली असू शकतो. आवर्तन केव्हा सुटणार, हे पाटबंधारे खात्याकडे अथवा गावच्या पाटकऱ्याकडे आधीच विचारावे आणि तळ उंचवट्यावर घ्यावा. सायंकाळी शिक्षकाने स्वतः काठाशी एक खुंटी रोवावी व तिच्यावर बोटाबोटाच्या अंतराने खुणा कराव्यात. निजण्यापूर्वी, मध्यरात्री आणि पहाटे विजेरीच्या उजेडात पातळी पाहून वहीत टिपावी. मुलांस हा मापनाचा पाठ वाटेल. शिक्षकाच्या लेखी तो पहारा आहे.

दुसरा धोका गाळाचा. पाणी ओसरल्यावर वरचा थर वाळून भेगाळतो व भुई टणक भासते. खाली गुडघाभर वा अधिक मऊ गाळ असतो. मुलांस आखून दिलेल्या दोरीपलीकडे जाऊ देऊ नये. एखादे मूल रुतलेच, तर धाडसाने कोणीही मागोमाग उतरू नये. रुतलेल्याने पाय जोराने उपसण्याऐवजी मागे रेलून भार पसरावा आणि पाय हळूहळू हलवीत मोकळा करावा. काठावरून फळी सरकवावी, दोर टाकावा. यासाठी लांब दोर व एक फळी तळावर असलीच पाहिजे. हे सारे निघण्यापूर्वी शाळेच्या पटांगणात करून दाखविणे बरे. चिखलात उभे राहून व्याख्यान देता येत नाही.

मलमूत्राची व्यवस्था ही अशा तळाची खरी परीक्षा. पाणथळीत भूजल फार वर असते, म्हणून काठाजवळ खणलेला खड्डा म्हणजे पाण्यातच टाकलेली घाण होय. गावातील संडास वापरण्यास मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास पाण्यापासून निदान ६० मीटर, म्हणजे प्रौढाची सुमारे ८० पावले दूर, उंच जागी वनखात्याच्या संमतीने खड्डा घ्यावा व प्रत्येक वेळी माती लोटावी. भांडी काठावर धुऊ नयेत. उष्टे अन्न व साबण पाण्यात गेले की शेवाळ व जलपर्णी यांस आयते खत मिळते. पाणकणसाची मुळे गाळ अडवितात, मैल्यातील पोषकद्रव्येही काही प्रमाणात शोषतात. पण म्हणून मैला त्यांच्यावर सोपवावा असे नाही. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे अथवा चांगली उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. डासांसाठी मच्छरदाणी हवी. गवतात घोणस असू शकते; रात्री विजेरी व बूट यांवाचून कोणी उठू नये आणि सर्पदंशावरील लस कोणत्या रुग्णालयात मिळते, हे आधीच विचारून ठेवावे.

शेकोटीचा मोह टाळावा. वाळलेले पाणकणीस पेटावयास वेळ लागत नाही. भाकऱ्या व कोरडी चटणी घरून नेली, तर एका रात्रीचा प्रश्न सुटतो.

पहाटेचा तास मात्र पुरता वापरावा. एकाच काठावर निरनिराळे पक्षी चोचीच्या व पायांच्या लांबीप्रमाणे जागा वाटून घेतात. तुतवार ओल्या चिखलात टोचतो, शेकाट्या लांब तांबड्या पायांनी थोड्या खोल पाण्यात उभा राहतो, चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवितो. कमळपक्षी लांब बोटांच्या आधारे तरंगत्या पानांवर चालतो. ज्या गाळात मूल रुतते तेथे हा पक्षी पानावर का बुडत नाही, हा प्रश्न मुलांपुढे टाकावा व उत्तर लगेच सांगू नये. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या वारकरी पक्ष्यास हवेत उठण्यापूर्वी पाण्यावरून बराच वेळ धावावे लागते. त्यास दगड मारून उडविण्याची गंमत त्याच्या सकाळच्या चाऱ्यावर पडते, हे मुलांस त्या वेळीच दाखवावे.

निघताना तंबूच्या मेखा मोजून घ्याव्यात, कचरा पोत्यात भरून शाळेत परत न्यावा आणि खुंटीवरची शेवटची पातळी वहीत उतरल्यावर ती उपटून घ्यावी.