थळ घाटातील ‘खेकडा’ आणि उद्याची मोटार

मुंबईहून नाशिककडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कसारा स्थानकात थांबली की तिला मागून जादा इंजिने लावतात. रेल्वेच्या भाषेत ही ‘बँकर’ इंजिने. पुढे थळ घाट आहे आणि तेथे ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर वर चढतो. रस्त्याच्या मानाने हा चढ किरकोळ वाटेल. पण लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरील पकड मुळातच थोडी, त्यामुळे रेल्वेच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. मुंबई-शिर्डी ‘वंदे भारत’ गाडी २०२३ पासून हाच घाट बँकरशिवाय चढते. तिची चलित्रे, म्हणजे मोटारी, एकाच इंजिनात नसून गाडीभर निम्म्या आसांवर वाटलेली आहेत, आणि त्यामुळे गाडीचे पुष्कळसे वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडते.

विजेवर चालणाऱ्या मोटारीचे पुढे काय होणार, की हायड्रोजनची मोटार तिला मागे टाकणार, असे प्रश्न विद्यार्थी आम्हाला हल्ली वारंवार विचारतात. उत्तर शोधण्यासाठी जपान किंवा अमेरिकेकडे पाहण्याआधी या घाटाकडे पाहावे, असे आमचे मत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा मार्ग १८६५ साली खुला केला. त्यानंतर पासष्ट वर्षे येथे वाफेची इंजिने धापा टाकत होती. १९३० साली कल्याण ते इगतपुरी मार्गावर १,५०० व्होल्ट दाबाची एकदिश वीज आली. घाटासाठी खास बनवून घेतलेली विद्युत इंजिने पुढे-मागे लांब नाकाडाची होती. त्यांच्या दांड्यांची हालचाल विचित्र होती, म्हणून असेल, रेल्वेचे कर्मचारी त्यांना ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना वीज निर्माण करून ती वरच्या तारेत परत सोडण्याची सोय या खेकड्यात होती. आज विजेच्या मोटारीच्या जाहिरातीत ‘रिजनरेटिव्ह ब्रेकिंग’ म्हणून ज्याची नवलाई सांगितली जाते, ते हेच.

हे कसे घडते, ते वर्गात दाखविणे अगदी सोपे आहे. खेळण्यातील छोटी मोटार घ्या. बॅटरी जोडली की तिचा आस फिरतो. आता बॅटरी काढा, मोटारीच्या तारा एका छोट्या एलईडीला जोडा आणि आस दोऱ्याने जोरात फिरवा. दिवा लुकलुकेल (न लुकलुकल्यास उलट दिशेने फिरवून पाहा). म्हणजे चलित्र आणि जनित्र ही एकाच यंत्राची दोन कामे झाली. यापुढचा भाग बहुतेक पुस्तकांत राहून जातो. मोटारीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा आणि आस फिरवून पाहा. तो चटकन जड लागतो. निर्माण झालेला प्रवाह आसाच्या फिरण्याला विरोध करतो. लेंझचा नियम तो हाच, आणि तो बोटांना कळतो. घाट उतरणाऱ्या गाडीला हाच विरोध ब्रेकसारखा आवरून धरतो. तोही कोणतीही पट्टी न झिजवता.

आता थोडे गणित करू. कसारा ते इगतपुरी उंचीतील फरक सुमारे ३०० मीटर आहे. माणसांसह १,६०० किलोग्रॅम वजनाची मोटार वर चढली की तिची स्थितिज ऊर्जा १,६०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ४७ लाख जूलने वाढते. विजेच्या बिलातील एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा हा चढ १.३ युनिटांचा झाला. मोटार जुन्या वळणदार घाटाने जावो की २०२५ साली खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून, त्याच दोन उंचींमधील हा आकडा बदलत नाही. बोगद्याने वेळ वाचतो, वळणे वाचतात. उंची वाचत नाही.

दहा-बारा किलोमीटरच्या घाटरस्त्यात टायरांचे घर्षण आणि हवेचा रोध मिळून आणखी सुमारे पाऊण युनिट जाते. म्हणजे चाकापाशी दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा लागते. विद्युत मोटारीत बॅटरीतील ऊर्जेचा सुमारे ८५ टक्के भाग चाकापर्यंत पोचतो, म्हणून बॅटरीतून सुमारे २.४ युनिटे खर्च होतील. पेट्रोलच्या इंजिनात उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच चाकाला मिळतो. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिटे उष्णता असते, तेव्हा घाट चढायला जवळजवळ ०.९ लिटर पेट्रोल हवे.

उतरताना चित्र पालटते. जमा झालेल्या १.३ युनिटांपैकी पाऊण युनिट घर्षण आणि हवा घेतात. उरलेले अर्धे-पाऊण युनिट पेट्रोलची मोटार ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाच्या रोधात घालवते. विद्युत मोटार त्यातील सुमारे ०.४ युनिट बॅटरीत परत घेऊ शकते. एवढेच? होय, एवढेच. ‘उतारावर बॅटरी आपोआप भरते’ असे सांगणाऱ्याला हा हिशेब जरूर दाखवावा. मात्र एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. इगतपुरीला बॅटरी काठोकाठ भरून निघालेल्या मोटारीला घाटात ही वीज ठेवायला जागाच नसते. मग ब्रेकलाच जास्त काम करावे लागते. घाटमाथ्यावर राहणाऱ्याने बॅटरी थोडी रिकामी ठेवून निघणे शहाणपणाचे.

मालमोटारीच्या बाबतीत हा प्रश्न जिवाचा होतो. ४० टनांचा ट्रक ३०० मीटर खाली येतो तेव्हा सुमारे ३३ युनिटे ऊर्जा मोकळी होते. टाटांची नेक्सॉन ही विद्युत मोटार २०२० साली बाजारात आली, तेव्हा तिची संपूर्ण बॅटरी ३०.२ युनिटांची होती. त्याहून ही जास्त. घर्षण आणि हवेचा वाटा वजा केला तरी २३-२४ युनिटे उरतात. चालकाने खालचा गिअर टाकून इंजिनाचा रोध वापरला नाही, तर ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रमांत जाते. अडीचशे लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्याइतकी ती आहे. तापलेल्या ब्रेकची पट्टी पकड सोडते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ अशी बातमी येते. विजेच्या ट्रकचे आम्हाला सर्वांत जास्त आकर्षण वाटते ते इंधनबचतीमुळे नव्हे. त्याचे चलित्र उतारावर न तापणाऱ्या ब्रेकचे काम करू शकते, म्हणून.

मग अडचण कोठे आहे? खेकड्याला वीज वाहून न्यावी लागत नव्हती, डोक्यावर तार होती. शिवाय परत सोडलेली वीज चढणाऱ्या दुसऱ्या गाडीला तेथल्या तेथे वापरता येई. रस्त्यावरच्या मोटारीला आपली शिदोरी बरोबर घ्यावी लागते. एक किलो पेट्रोलमध्ये १२ युनिटांहून अधिक उष्णता असते, तर एक किलो लिथियम बॅटरीत (पेटी, तारा वगैरे धरून) जेमतेम ०.१५ युनिट. बॅटरीची कार्यक्षमता कितीही चांगली असली, तरी ही दरी पूर्ण बुजत नाही. म्हणून मोटारीत काही शे किलो बॅटरी बसवावी लागते.

संकरित, म्हणजे हायब्रिड मोटारीने यातून मधला मार्ग काढला. १९९७ साली जपानात आलेली टोयोटा प्रियस ही अशीच मोटार. पेट्रोलचे इंजिन ठेवायचे, जोडीला चलित्र आणि एक-दीड युनिटाची किंवा त्याहूनही लहान बॅटरी द्यायची. चढावर दोघे मिळून ओढतात, उतारावर आणि रहदारीत चलित्र ऊर्जा परत घेते. कसारा घाट उतरेपर्यंत ही छोटी बॅटरी भरत येते. घाट आणखी लांब असता तर पुढची ऊर्जा वायाच गेली असती. बाहेरून चार्जिंग न लागणारी संकरित मोटार शेवटी पेट्रोलवरच चालते. तिला आम्ही काटकसरी पेट्रोल-मोटार म्हणू.

हायड्रोजनचा मोह समजण्यासारखा आहे. एका किलोत ३३ युनिटे, आणि इंधनघटात हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला की वीज मिळते व उरते ते पाणी. आपल्याकडेही याचे काम झाले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी २०२० साली इंधनघटावरील मोटारीची चाचणी घेतली, २०२२ साली बसही पुढे आली. पण मोकळा हायड्रोजन निसर्गात सहज सापडत नाही, तो करावा लागतो. पाण्याचे विघटन करून एक किलो वायू मिळवायला ५० ते ५५ युनिटे वीज लागते. तो वातावरणाच्या ७०० पट दाबाने टाकीत भरताना आणखी काही खर्च होते. इंधनघट त्यातील सुमारे निम्मी ऊर्जाच विजेच्या रूपाने परत देतो. शेवटी १०० युनिटांतील ३० च्या आसपास चाकाला मिळतात. तीच वीज बॅटरीत भरली तर ७० ते ७५ मिळतात. एका मोटारीच्या विजेत दोन मोटारी चालत असतील, तर तिसरे यंत्र मध्ये कशासाठी? लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकांसाठी, जेथे बॅटरीचे वजनच मालाची जागा खाते, तेथे हायड्रोजनला वाव राहील. घरगुती मोटारीत तो येईल असे आम्हाला वाटत नाही.

आता वीज कोठून येते, हा प्रश्न. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे आणि एका युनिटामागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. घाट चढण्यासाठी चार्जरमधील नुकसान धरून २.७ युनिटे, म्हणजे सुमारे १.९ किलो. पेट्रोलचे ०.९ लिटर म्हणजे सुमारे २.१ किलो. फरक अगदी थोडा! चढावर पेट्रोलचे इंजिन भरपूर भाराने, म्हणजे त्याला मानवणाऱ्या रीतीने चालते, हे त्याचे कारण. विद्युत मोटारीचा खरा फायदा उताराला आणि ठाण्याच्या कोंडीत दिसतो. सौर वीज वाढेल तसा तो चढावरही दिसू लागेल.

सूर्य दुपारी असतो आणि मोटारी रात्री चार्ज होतात, ही अडचण राहतेच. तिच्यावरचा एक उपाय शहापूर तालुक्यातच उभा आहे. घाटघर प्रकल्पात जास्तीची वीज वापरून चोंढे येथील खालच्या जलाशयातून पाणी सुमारे चारशे मीटर वर चढवतात आणि गरजेच्या वेळी तेच पाणी सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज घेतात. २००८ पासून हे चालू आहे. पुन्हा तेच गणित: एक घनमीटर पाणी, ९.८ आणि ४०० मीटर. उत्तर येते एका युनिटाच्या आसपास. नेक्सॉनची ती बॅटरी भरायची तर दहा हजार लिटरचे तीन टँकर पाणी डोंगर उतरले पाहिजे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यातील मुलांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. पाणी संपत मात्र नाही, ते खाली-वर फिरत राहते.

कसाऱ्याहून खोडाळ्याकडे प्रवासी नेणाऱ्या जीपवाल्याचा हिशेब वेगळा असतो. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, चढउताराचा रस्ता, गाडी भरलेली. तिला रोज २५ युनिटे तरी लागतील. घरातील १५ अँपिअरच्या जोडणीतून तासाला सुमारे ३ युनिटे मिळतात, म्हणजे रात्री आठ-नऊ तास अखंड वीज हवी. ती मिळते का, हे त्या गावातील विद्यार्थीच आठवडाभर वहीत वेळा टिपून सांगू शकतील. मुरबाडच्या शाळांनी हाच हिशेब माळशेज घाटासाठी मांडावा. पायथ्याची आणि माथ्याची उंची समोच्चरेषांच्या नकाशावर मिळेल, ९.८ तेच राहील.