नवरंग

पावसाच्या तोंडावर एक पाहुणा आपल्या रानात उतरतो. त्याचे नाव नवरंग.

आकाराने तो साळुंकीहून थोडा लहान. शेपूट अगदी आखूड. पाठ हिरवी, खांद्यावर चकचकीत निळा डाग. गळा पांढरा. डोळ्यांवरून काळा पट्टा. पोट बदामी आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल रंग. इतके रंग अंगावर, म्हणून तो नवरंग.

मग हा आपल्याला दिसत का नाही? कारण तो फार बुजरा आहे. झुडपांच्या सावलीत जमिनीवर फिरतो. चोचीने पाचोळा उलटतो आणि खालचे किडे खातो. माणसाची चाहूल लागली, की टुणटुण उड्या मारीत आत शिरतो.

हिवाळ्यात तो दक्षिण भारतात व श्रीलंकेत राहतो. मृगाच्या आगेमागे उत्तरेकडे निघतो. हा प्रवास तो रात्री करतो. दाट रान मिळेल तिथे घरटे बांधतो. पावसाळा सरला की परत जातो.

आपल्या बीड जिल्ह्यात त्याला कुठे शोधावे? बालाघाटच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या गर्द झाडीत. पाटोदा तालुक्यात नायगावचे अभयारण्य आहे. ते १९९४ साली मोरांसाठी राखले. मोरांसाठी राखलेले रान लहान पाखरांच्याही कामी येते.

नवरंग आधी कानांनी शोधावा. पहाटे आणि दिवस मावळताना तो दोन सुरांची मोठी शीळ घालतो. तमिळ लोक तर त्याला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात. शीळ आली त्या बाजूला झाडाला टेकून गप बसावे. अंगावर भडक कपडे नकोत. बोलू नये, विडी ओढू नये. अर्धा तास दम धरावा. पाचोळा खसखसला की तिकडे पाहावे.

आता पुष्कळांच्या हाती मोबाईल आहे. फोटो जरूर काढा. पण त्याचा आवाज आणि दिवा आधी बंद करा. मोबाईलवर नवरंगाची शीळ वाजवू नका. दुसरा नर आला असे वाटून तो चारा सोडून धावून येतो. घरट्याजवळ तर मुळीच जाऊ नका. घरटे म्हणजे गवताचा व पाचोळ्याचा गोल गोळा. त्याला बाजूने दार असते. फोटोसाठी आडव्या येणाऱ्या फांद्या तोडल्या, तर घरटे उघडे पडते. मग कावळ्यांना ते आयते सापडते.

कधी कधी प्रवासाने थकलेला नवरंग अंगणात पडतो. त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावे. चोचीत बळेच पाणी घालू नये. हुशारी आली की झाडीजवळ सोडावे. उडत नसेल तर वनखात्याला कळवावे. पिंजऱ्यात ठेवू नये. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

आणखी एक गोष्ट. झाडीतला पाचोळा पेटवू नका. पाचोळा म्हणजे नवरंगाचे ताट. ते जळाले तर तो खाणार काय?

फोटो मिळाला नाही तरी हरकत नाही. पुढल्या मृगाला पाहुणा परत यायला हवा.