साथीचें गणित : किती खोल उतरावें?

लाखों माणसांच्या शहरांत काय घडेल हें गणितानें सांगावयाचें, तर प्रत्येक माणूस निराळा धरावा, कीं सारी वस्ती एक राशी मानावी? या प्रश्नाचें एक बोधप्रद उदाहरण मुंबईच्या प्लेगांत सांपडतें.

१९२७ सालीं एडिंबरो येथील कर्मॅक व मॅकेन्ड्रिक या शास्त्रज्ञांनीं साथींचें एक गणित प्रसिद्ध केलें. पैकीं मॅकेन्ड्रिक यांनीं पूर्वीं हिंदुस्थानांतील वैद्यकीय नोकरींत कांहीं वर्षें काढलेलीं होतीं. लोकांचे त्यांनीं तीनच वर्ग पाडले : रोग होऊं शकेल असे, रोगी, आणि बरे झालेले वा मृत. त्यांत घर नाहीं, चाळ नाहीं, व्यक्ति तर नाहींच. केवळ तीन संख्या! पडताळ्यासाठीं त्यांनीं डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळांतील मुंबईच्या प्लेग-मृत्यूंचे साप्ताहिक आंकडे घेतले. एप्रिलच्या मध्यास आठवड्याला सुमारें ८९० मृत्यूंपर्यंत चढून उतरणारी त्यांची वक्ररेषा त्या आंकड्यांशीं विलक्षण जुळली.

पण गांठीचा प्लेग सहसा माणसाकडून माणसाला होत नाहीं. त्याच सुमारास प्लेगच्या संशोधनासाठीं नेमलेल्या मंडळानें मुंबईंत पिंजऱ्यांतील प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, रोग मूळ उंदरांचा व तो पोंचविणारी त्यांच्या अंगावरील पिसू. गणितांत मात्र उंदीर कोठेंच नाहीं! शिवाय या गणिताप्रमाणें, रोग होण्याजोगीं माणसें कमी झालीं म्हणून साथ उतरली. मग पुढील हिवाळ्यांत ती परत कशी आली? २०१२ सालीं फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनीं उंदीर, पिसवा व ऋतुमान हिशेबांत घेऊन ही साथ पुन्हा तपासली, तेव्हां ऋतूचें महत्त्व स्पष्ट झालें. रेषा जुळली म्हणजे कारण सांपडलें असें नव्हे. माणसें अलग ठेवावीं कीं उंदीर मारावे, हें तर त्या कारणावरूनच ठरावयाचें.

याच्या अगदीं उलट टोंक २०२० सालीं दिसलें. कोरोनाच्या साथींत बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनीं संगणकांत मुंबईच उभी केली. तींत एक कोटीहून अधिक माणसें. प्रत्येकाला घर, कामाचें ठिकाण, लोकलचा प्रवास. झोंपडपट्टी निराळी, इतर वस्ती निराळी. काम मोठें खरें. पण कोण कोणास किती वेळां भेटतो हें सर्व मोजलेलें थोडेंच असतें? जितकें खोल उतरावें, तितक्या अधिक गोष्टी अदमासानें भराव्या लागतात.

लोकल सुरू कराव्या कीं नाहीं, असा प्रश्न असेल तर प्रवासी निराळा धरावाच लागतो. परंतु पुढील पंधरवड्यांत इस्पितळांत खाटा किती लागतील एवढेंच विचारावयाचें असल्यास, त्या जुन्या तीन रकान्यांवरहि काम पुष्कळ भागतें.