शून्य मिलिसेकंदांची रांग

वेब अ‍ॅप्लिकेशन बनवायला मुलं कशी शिकतात ते वर्गात बसून बघा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा पुण्याखेरीज दुसरं गाव मनात आलं नाही. महासंगणक बनवण्यासाठी १९८८ मध्ये इथे सी-डॅकची स्थापना झाली, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला आणि १९९३ मध्ये याच संस्थेने ‘अ‍ॅक्ट्स’ ही प्रशिक्षणशाळा काढली. तिचा ‘पीजी-डॅक’ हा अभ्यासक्रम नोकरीच्या शोधातल्या इंजिनिअरांना आजही तोंडपाठ असतो. आधी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा, मग २४ आठवडे आणि सुमारे ९०० तास. त्यात जावा, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम आणि वेब, सगळंच कोंबलेलं. हेच विषय शिकवणारे खासगी क्लासही शहरात जागोजागी आहेत. त्यांतल्याच एका क्लासच्या मागच्या बाकावर मी जाऊन बसलो.

फळ्यावर मॅडमनी जावास्क्रिप्टच्या तीन ओळी लिहिल्या होत्या. पहिली ‘एक’ छापते. दुसरी म्हणते, शून्य मिलिसेकंदांनी ‘दोन’ छाप. तिसरी ‘तीन’ छापते.

“काय छापलं जाईल?”

“एक, दोन, तीन,” वर्ग एका सुरात म्हणाला.

मॅडमनी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर उमटलं: एक, तीन, दोन.

“पण मॅडम, शून्य म्हणजे लगेच ना?” पुढच्या बाकावरच्या मुलाने विचारलं.

“शून्य म्हणजे लगेच रांगेत उभं राहायचं. नंबर कधी लागेल, ते हातातलं काम कधी संपतं त्यावर.”

या रांगेच्या कारभाराला ‘इव्हेंट लूप’ म्हणतात. ब्राउझरमधलं पान हलतं-बोलतं राहतं ते त्याच्या जिवावर. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. पानावरची ही भाषा एका वेळी एकच काम करते, हा तिचा स्वभाव आजही तोच आहे. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये गुगल मॅप्स आलं, आणि पान पुन्हा न उघडता त्यातला मजकूर बदलतो हे सगळ्यांनी पाहिलं. त्यासाठी ही एकटी भाषा सर्व्हरकडे निरोप धाडते, उत्तर येईपर्यंत दुसरी कामं उरकते, आणि उत्तर आलं की त्याला रांगेत घेते.

मग मॅडमनी एका बटणामागे अब्जभर फेऱ्यांची बेरीज लावली आणि ते दाबलं. पान गोठलं. शेजारचं बटण दाबलं जाईना, खोक्यात अक्षर उमटेना. “पंगतीत वाढायला एकच माणूस आहे, आणि तो एकाच पानापाशी अडून बसलाय,” त्या म्हणाल्या. साधारण स्क्रीन सेकंदाला साठ वेळा नवं चित्र मागते, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी जेमतेम सोळा मिलिसेकंद मिळतात. तीच बेरीज त्यांनी छोट्या तुकड्यांत वाटली, दर तुकड्यानंतर रांगेला वाट करून दिली, आणि पान पुन्हा चालू लागलं. मघाशी प्रश्न विचारणारा मुलगा वहीत रांगांची चित्रं काढत होता. त्याच्याइतकाच मीही त्यात अडकलो होतो.

पण खरी परीक्षा पुढे होती. मुलांनी गावं शोधायचा खोका बनवला होता. अक्षर टाइप केलं की सर्व्हरला विचारणा जाते आणि नावांची यादी येते. मॅडमनी ब्राउझरमध्ये नेट मुद्दाम मंद केलं. आधी ‘सा’ टाइप केलं, लगोलग ‘सातारा’. साताऱ्याचं उत्तर आधी आलं. ‘सा’चं रेंगाळलं, मागून आलं आणि बरोबर यादी पुसून तिच्या जागी बसलं. खोक्यात सातारा, खाली सांगली. कुठेही लाल अक्षरांत चूक दिसत नव्हती. नवी विचारणा निघाली की जुनी रद्द करायची, हा उपाय काही ओळींचाच आहे, पण तो करावा लागतो हे ज्याला रांग कळली त्यालाच सुचतं.

काळजी वाटते ती इथेच. या समजुतीसाठी वेळ कुठून आणायचा? सहा महिन्यांत दहा विषय, डोक्यावर फीसाठी काढलेलं कर्ज, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा “रिअ‍ॅक्ट येतं का?” हाच. रिअ‍ॅक्ट हे वेबपानं बनवायचं तयार साधन (फ्रेमवर्क म्हणतात तसलं) २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याआधी दुसऱ्या नावांची चलती होती, उद्या तिसरी येतील. क्लासवाले नावं शिकवतात, कारण नावांवर नोकरी मिळते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी एरर वाचून अर्थ लावायलाच अर्धा तास लागतो, आणि आता एआयला विचारलं की तयार कोड हातात पडतो. तो लॅबच्या वेगवान नेटवर झकास चालतो, म्हणून कुणी उघडून बघत नाही.

असा कोड शेवटी जातो तो तालुक्याच्या गावी, रेंज येते-जाते अशा मोबाइलवर. अर्जाचं बटण दाबून काहीच हललं नाही की माणूस ते पुन्हा दाबतो. पहिला निरोप वाटेत असताना बटण बंद करायला हवं आणि सर्व्हरनेही दुसरा अर्ज ओळखायला हवा, हे बनवणाऱ्याला सुचलं नसेल तर अर्ज दोनदा जातो, प्रसंगी पैसेही दोनदा कापले जातात. निस्तरत बसतो तो अर्जदार.

म्हणून माझं मागणं साधं आहे. अभ्यासक्रमातली दोन फ्रेमवर्क कमी झाली तरी चालतील, पण हा रांगेचा तास दोन आठवडे चालू दे. आणि कंपन्यांनी मुलाखतीत फ्रेमवर्कचं नाव विचारण्याआधी त्या तीन ओळी समोर ठेवाव्यात आणि ‘दोन’ शेवटी का, एवढंच विचारावं. मुलाखतीत जे विचारलं जातं, तेच क्लासमध्ये शिकवलं जातं.