खेड्यातला पोरगा, म्हातारा जादूगार आणि तीच ती गोष्ट

खेड्यात वाढलेला पोरका मुलगा. एक दिवस दारात गूढ म्हातारा उभा राहतो आणि सांगतो, बाबा रे, तू साधासुधा नाहीस. मग घर सुटतं, सोबती जमतात, जादूची वस्तू हाती लागते आणि शेवटी काळोखाच्या राजाशी गाठ पडते. फँटसी वाचणाऱ्या कॉलेजच्या पोरांना एवढंच सांगून पुस्तक ओळखायला लावा. प्रत्येक जण वेगळं नाव घेईल, आणि बहुतेक सगळेच बरोबर असतील!

हा साचा पसरला कसा? टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये आली. १९६५ मध्ये अमेरिकेत तिच्या स्वस्त पेपरबॅक आवृत्त्या निघाल्या आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी ती डोक्यावर घेतली. १९७३ मध्ये टॉल्किन गेले, पण वाचकांना तसंच आणखी हवं होतं. संपादक लेस्टर डेल रे यांनी ही भूक बरोबर ओळखली. १९७७ मध्ये त्यांनी टेरी ब्रूक्स या वकिलाची 'द सोर्ड ऑफ शॅनारा' बाजारात आणली. गँडाल्फच्या जागी अॅलनॉन, फ्रोडोच्या जागी शे ओम्सफर्ड, सॉरॉनच्या जागी वॉरलॉक लॉर्ड. गॉलमचा भाऊ शोभेल असासुद्धा एक जण आहे. टीकाकारांनी झोडपलं, पुस्तक मात्र धडाक्यात खपलं. प्रकाशकांना काय कळायचं ते कळलं.

पुढे तर सगळंच ठरून गेलं. डायना विन जोन्स यांनी १९९६ मध्ये या काल्पनिक देशांची चक्क प्रवासी गाइड लिहून टर उडवली. तिथले घोडे कधी दमत नाहीत आणि जेवायला जिथे जाल तिथे रस्साच!

बरं, उसनवारी म्हणजे गुन्हा का? तसं नाही. खुद्द टॉल्किननी गँडाल्फ हे नाव जुन्या नॉर्स काव्यातून उचललं. आपल्याकडच्या गोष्टीत राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. सॉरॉनची ताकद अंगठीत आणि वोल्डेमॉर्टचे प्राण तुकड्यातुकड्यांत, हे त्याच गोत्रातलं. 'आटपाट नगर होतं' म्हणणाऱ्या आजीला नकलाकार कोण म्हणतं?

घोटाळा होतो तो वेगळ्या ठिकाणी. (शेवट माहीत नसेल त्यांनी इथेच थांबावं.) टॉल्किनचा फ्रोडो ऐन कड्यावर हरतो, अंगठी टाकायला तयार होत नाही. ती आगीत पडते गॉलममुळे, आणि गॉलम तोवर जिवंत असतो तो आधी कुणीकुणी त्याची दया केली म्हणून. हजार पानांची पायपीट या एका क्षणासाठी आहे. नकलाकारांनी पायपीट घेतली, जादूगार घेतला, नकाशासुद्धा घेतला, आणि नेमकं हे हरणं वगळलं. त्यांचा नायक वेळेवर तलवार उपसतो, जिंकतो. मग वाचकाच्या हाती काय उरतं? फक्त पुढचा भाग.

ब्रूक्सच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मान्य करायला हवी. शॅनाराची तलवार कापत नाही, ती सत्य दाखवते. शे ती पेलतो तेव्हा आधी त्याला स्वतःचंच खरं रूप सोसावं लागतं. वॉरलॉक लॉर्डला कळतं की आपण केव्हाच मेलोय, केवळ स्वतःला फसवून टिकलोय, आणि तो तिथेच नाहीसा होतो. त्या जाडजूड पुस्तकातली एवढी पानं तरी टॉल्किनच्या घरची नाहीत.