टाइप २ मधुमेह : घराण्यातून काय येते?

वारसा कशाचा? थेट आजाराचा नव्हे, त्याकडे झुकणाऱ्या शरीराचा. इन्सुलिनला दाद न देणारे स्नायू आणि यकृत, इन्सुलिन बनवताना लवकर थकणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, पोटाभोवती साठणारी चरबी, वाढलेले ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल).

जोखीम : आई किंवा वडिलांना मधुमेह असल्यास मुलांना आयुष्यात तो होण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. दोघांनाही असल्यास ७० टक्क्यांच्या घरात.

जनुके : एक नव्हे, शेकडो, बहुतेकांचा वाटा अल्प. त्यांतले ठळक टीसीएफ७एल२, आइसलँडमधील संशोधकांनी २००६मध्ये शोधलेले. एकाच जनुकातील बिघाडामुळे, बहुधा पंचविशीच्या आत होणारा ‘मोडी’ हा वेगळा प्रकार.

बारीक, तरी चरबी जास्त : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन) सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. दोघांचे शेजारी-शेजारी छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. नुसत्या वजनकाट्यावर भिस्त का ठेवू नये, हे त्यात लख्ख दिसते.

टेप घ्या : भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, स्त्रियांना ८० सेंमी.

पूर्वमधुमेह : उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ मिग्रॅ/डेलि किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.७ ते ६.४ टक्के. १२६ किंवा ६.५पासून पुढे मधुमेह.

घरात मधुमेह असेल तर लक्षणांची वाट न पाहता तिशीतच साखर तपासून घ्या.